पेटी एक, बाकडी अकरा

लोखंडी कपाट एक. टेबल एक. पेट्रोमॅक्स एक, नादुरुस्त. सतरंज्या चार. बाकडी अकरा. ट्रस्टच्या ऑफिसातून आलेला पोरगा एकेका वस्तूला हात लावून मोठ्यानं बोलत होता आणि त्याच्या सोबतचा ते फुलस्केपवर उतरवून घेत होता. गावातल्या मिशनच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, शेवटची उपासना आटोपून तासभर झाला असेल. मंडळीतली, म्हणजे त्या देवळाच्या ख्रिस्ती सभासदांतली, सात-आठ माणसं आणि गावातले आम्ही चाळीसेक जण, कुणाचाच पाय निघत नव्हता. मार्चअखेरचं ऊन दारातून आत येऊन पहिल्या बाकापर्यंत पोचलं होतं. "पेटी एक," असं तो म्हणाला आणि दारातून आवाज आला, "थांबा साहेब. पेटी नोका लिहू. थे देवळाची नोहोय, गावाची हाय."

आवाज आमच्या मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा. चपला बाहेर काढून ते उंबऱ्याच्या आत उभे होते. त्यांनी सरळ हिशेबच मांडला. पेटीचा भाता फाटला तेव्हा नवा बसवायचा खर्च हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीतून झाला. पुढे सूर बसले, तेव्हा भीम जयंतीच्या कमिटीनं ती अमरावतीला नेऊन नीट करून आणली, जाण्या-येण्याचं भाडंही त्यांचंच. "मंग देवळाचं त्यात काय रायलं? लाकूड?" विहाराकडून आलेल्या पोरांनी माना डोलावल्या. मोठेबाबांच्या बोलण्याला त्या पोरांनी मान डोलावल्याचं मी तरी याआधी पाहिलं नव्हतं. ऑफिसच्या पोरानं विचारलं, खरेदीची पावती कुणाकडे आहे? पावती कुणाकडेच नव्हती. त्यानं जरा विचार केला आणि यादीत लिहायला सांगितलं: पेटी एक, वादातील.

सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर ते हसणं टोचायला लागलं. पेटीवर गावाचा हक्क सांगायला जो माणूस उठला, त्याचा त्या देवळाशी आधीचा व्यवहार मला ठाऊक होता. घरातलाच माणूस. विसरूनही चालत नाही, आणि चारचौघांत वाईट म्हणायला जीभ उचलत नाही.

आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडे, शकुंतलेच्या रुळांपासून पायी पोचण्याजोगं. ती मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, जिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. देवळाच्या दारासमोरच्या कडुनिंबाला तिच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता, तीच घंटा. बोल्टनं ठोकली की शिवारभर ऐकू जायची. रविवारी पहिली घंटी आठला, दुसरी नऊला. मंडळीची माणसं त्या घंटीवर देवळात यायची आणि बाकीचं गाव आपापल्या कामाला लागायचं. पहिल्या घंटीला बाया कापूस वेचायला निघायच्या. दुसरी झाली की माझी आजी चुलीवरचं दूध उतरवायची. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली देणं हे आजोबांचं काम आणि आजोबांवर आजीचा भरवसा नव्हता. एका रविवारी घंटी वाजवणाऱ्याला ताप होता, तर बाया उशिरा वावरात पोचल्या आणि मजुरी कापण्यावरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हे भांडण! त्या भांडणात दोन्ही बाजूंनी शिव्या मिशनला दिल्या. देवळात आत किती माणसं बसतात याची चौकशी मात्र गावानं कधी केली नाही.

इमारतीत पाहण्यासारखं काही नव्हतं. दगडी जोतं, चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी कैच्या, वर मंगळुरी कौलं. दुपारी दार उघडं दिसलं की आम्ही पोरं आत शिरायचो. वटवाघळांच्या लेंड्या, चुना आणि जुनी पुस्तकं यांचा मिळून एक वास होता, त्याला मी आजही डोळे मिटून ओळखीन. मागे रचून ठेवलेल्या कौलांच्या पोटावर इंग्रजी अक्षरं उठलेली असत, ती बोटानं चाचपत वाचायचो. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आमचे एक मास्तर म्हणायचे, "मिशनवाल्यांनी दोन गोष्टी आणल्या, धर्म आणि कौलं. कौलं जास्त घरांवर पोचली." यावर मंडळीतली माणसंही हसायची. भिंतींचं दुखणं मात्र मातीचं होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, भेगेत वासराचा पाय जाईल इतकी फाटते. तिच्यावर उभं केलेलं काहीही वर्षातून दोनदा हलतं. देवळाच्या पूर्वेच्या भिंतीला तडा होता. दरवर्षी सिमेंट भरायचं, दरवर्षी शेजारी नवा तडा जायचा. मागच्या साली कुणा इंजिनिअरनं येऊन 'धोकादायक' असं लिहून दिलं. ट्रस्टला तेवढं पुरलं. खरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. महिन्यातून एकदा तालुक्याहून पाळक, म्हणजे पाद्री, यायचा आणि त्याच्या मोटरसायकलच्या पेट्रोलइतकंही अर्पण जमत नव्हतं.

ही मंडळी इथं आली कशी, ते मी मिशनवाल्या मावशीकडून ऐकलंय. मावशी म्हणजे देवळाच्या आवाराला लागून जिचं घर, जिच्याकडे किल्ली, जी शनिवारी रात्री प्रभुभोजनाच्या विधीसाठी काळ्या मनुका भिजत घालायची आणि पहाटे त्या कुस्करून, फडक्यातून गाळून रस काढायची. तिचे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळातलं लेकरू. त्या वर्षी वऱ्हाडात माणसं रस्त्यावर मेली आणि मागे राहिलेली पोरं मिशनच्या अनाथालयांत गेली. आपण कुणाचे, कुठल्या गावचे, हे त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नाही. अनाथालयात सुतारकी शिकला आणि मोठा झाल्यावर मिशननं त्याला आमच्या गावी पाठवलं. ती अकरा बाकडी त्यानं केलेली. एकाही बाकड्यात खिळा नाही, सगळी कुसं. यादी करणाऱ्या पोरानं एक बाक उचलून पाहिला आणि "वजन आहे बरं," एवढंच म्हणाला. मावशी तिथंच होती. काही बोलली नाही, फक्त बाक खाली ठेवल्यावर तो तिनं पुन्हा रांगेत सरकवला.

मावशीची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दवाखाना म्हणजे आवारातली एक खोली, गुरुवारच्या बाजाराला उघडणारी. खरजेचं मलम, गळवांवर लावायचं जांभळं औषध, हिवतापाला क्विनीन. माझे वडील तिच्याच हातावर जन्मले. बाळ आडवं होतं, सुईणीनं हात टेकले होते, तेव्हा रात्री बंडी जुंपून तिला आणलं. आजीनं तिला पुढे लुगडं दिलं, चोळीचा खण दिला, दर संक्रांतीला वाण दिलं. आणि तिला चहा द्यायची ती कपबशी वेगळी ठेवली. निळ्या काठाची, टवका उडालेली. छपरीच्या कोनाड्यात ती उपडी ठेवलेली असायची, इतर भांड्यांच्या वाटेला जायची नाही. आजी गेल्यावर आईनं ती कधीतरी भांड्यांत मिसळून टाकली, आणि मग ती कोणती होती हे आम्हाला ओळखता येईना.

नाताळचंही तसंच. मंडळीची घरं तेव्हा पंधरा-सोळा असतील, पण जेवणाचं आवतण गावाला असायचं. आवारात दोन ठिकाणी चुली पेटायच्या. एका बाजूला मंडळीच्या बायांचं रांधणं, दुसऱ्या बाजूला गावचा आचारी. धान्य त्यांचं, तेल त्यांचं, वांगी त्यांच्या परसातली, पण हात आमच्या आचाऱ्याचा, म्हणून आमची माणसं जेवायची. पंगतीला बसून वर "भाजीत सांबार कमी पडला" असं, म्हणजे कोथिंबिरीवरून, सुनवायचीही. माझ्या आजोबांच्या पिढीला यात काही वावगं वाटत नव्हतं आणि मंडळीनंही ते मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. नव्वदीच्या आसपास केव्हातरी दुसरी चूल पेटेनाशी झाली. कुणी ठराव केला नाही, भाषण केलं नाही. मोठेबाबांना विचारलं तर म्हणतात, लाकडं महाग झाली.

आता पेटीबद्दल. ती वाजवायचे त्यांना सगळं गाव पेटीमास्तर म्हणायचं, मंडळीतले होते, पोटापाण्याला जिनिंगमध्ये तोलाई करायचे. रविवारी देवळात, सप्ताहात सातही रात्री भजनाला, आणि चौदा एप्रिलला विहारासमोर भीमगीतांना, पेटी एकच आणि बोटंही तीच. मंडळीच्या गीतांत ना. वा. टिळकांची पदं असायची, अभंगाच्या अंगानं जाणारी. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्याआधी काही काळ ते आपल्या नागपुरातच होते. त्यांच्या चाली सप्ताहातल्या टाळकऱ्यांना वेगळ्या शिकवाव्या लागल्या नाहीत. मोठेबाबा टाळकरी. पेटीमास्तरांशेजारी तीस-पस्तीस वर्षं बसले. रात्री दोन-दोन वाजता भजन संपवून दोघं तंबाखू चोळत पारावर बसलेले मला आठवतात. दोघांत बोलणं फारसं नसायचं. एक चुना द्यायचा, दुसरा घ्यायचा.

पेटीमास्तरांचे धाकटे भाऊ १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. थोरला लहानपणीच मिशनच्या शाळेत शिकताना ख्रिस्ती झालेला, धाकटा बाबासाहेबांमागे गेला. त्यावरून भावाभावांत वितुष्ट आलं नाही, जेवणखाण एक होतं. फरक पडला तो नातवंडांच्या कागदांवर. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. एकाच आडनावाची, एकाच अंगणात खेळणारी पोरं, एकाला स्कॉलरशिप आणि दुसऱ्याला नाही. मग व्हायचं ते झालं. शाळेच्या दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं, असं बऱ्याच घरांत सुरू झालं. देवळाचं जुनं रजिस्टर त्या दिवशी मी चाळलं. सुरुवातीच्या पानांवर बाप्तिस्म्यांची गर्दी आहे, टाकानं लिहिलेल्या ठसठशीत अक्षरात, पुढे नोंदी विरळ होत जातात. याचा अर्थ बाप्तिस्मे थांबले असा लावू नये. लिहून ठेवणं थांबलं. ज्या मंडळीला आपली माणसं वहीत लिहायची भीती वाटते, तिला सभासदांच्या आकड्यावर बंद करणं ऑफिसला सोपं जातं.

१९५६ वरून एक आडवी आठवण. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, आणि मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. धर्मांतरांवर त्या अहवालात पुष्कळ कडक लिहिलेलं आहे. आणि त्याच साली, त्याच नागपुरात नियोगींनी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माणसाच्या आत काय चाललेलं असतं ते त्याच्या अहवालावरून ओळखू नये, असं मला या गोष्टीवरून नेहमी वाटतं.

गोऱ्या मडमा गेल्या, मग दवाखान्याची खोली बंद झाली, मग शाळा जिल्हा परिषदेत गेली. यवतमाळला मोठी सेमिनरी होती तोवर तिथले विद्यार्थी सुटीच्या दिवशी शकुंतलेनं यायचे, संडे स्कूल घ्यायचे, आम्हालाही चित्रांची कार्डं द्यायचे. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. पुढे शकुंतलाही थांबली, रुळांतून बाभळी उगवल्या. मंडळीच्या मुली दहावी झाल्या की नर्सिंगला जायच्या. गावातल्या कुठल्याही समाजाच्या मुलींआधी या मुली पगार घरी आणायला लागल्या, हे आमच्या घरातल्या बायांनी डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्या आत्यानं नर्सिंगचं नाव काढलं तर तिचं लग्न लावून दिलं. मावशीची मुलगी मात्र नर्स झाली, आता आखातात आहे. मुलगा पुण्यात. दोघंही 'इकडे ये' म्हणतात. मावशी म्हणते, "तेथं मले कोन वयखते?" गाव रिकामं करायला देवळानं स्वतःच हातभार लावला असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. शिकवलेली पोरं गावात राहत नाहीत, आणि शिकवण्यावाचून त्या मंडळीकडे पोरांना द्यायला दुसरं काही नव्हतंच. वावरं आमच्याकडे होती.

वावरांवरून पांदणीवर येते.

मंडळीची दफनभूमी नाल्यापलीकडे, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीच्या, तुकड्यात. तिथं जायला पांदण होती, आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून, बंडी जाईल एवढी. मोठेबाबांनी ती वर्षाला एखादा तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, करत वावरात घेतली. एकदम घेतली असती तर बोंब झाली असती. हळूहळू घेतली, आणि दहा-बारा वर्षांत माणूस आडवा चालेल एवढा धुराच काय तो राहिला. गावात हे सगळ्यांना दिसत होतं. तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज केला असता तर अडवलेला रस्ता मोकळा करून मिळतो, तो कायदा १९०६ पासून आहे. पण गावात सात-आठ घरं उरलेली मंडळी वावरवाल्यावर अर्ज करते कधी? मजुरीला त्याच्याकडेच जायचं असतं. ग्रामपंचायतीत दफनभूमीला कुंपण मागितलं तेव्हाही विषय 'पुढील सभेत' गेला. कुठली पुढील सभा, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

पेटीमास्तर गेले ते ऑगस्टमध्ये. चार दिवसांची झड लागलेली, नाला गुडघाभर. सकाळी मोठेबाबा त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. आमच्या घरात कुणी गेलं तेव्हाही त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. दुपारी प्रेत निघालं. धुऱ्यावरून चार माणसांना खांदा देऊन चालता येईना. एक जण घसरला, शवपेटी कलंडता कलंडता सावरली, आणि मग ती सगळी माणसं आमच्या सोयाबीनमध्ये उतरली. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. मोठेबाबा धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, "जरा इकडून चाला, तिकडच्या शेंगा भरून रायल्या." आवाजात राग नव्हता, सांगायचं म्हणून सांगितलं. मावशीचा मुलगा तेव्हा पुढच्या खांद्याला होता. त्यानं मान वळवून पाहिलं फक्त.

सकाळचं रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. तेच तर अवघड आहे. खोटं असतं तर एकदा 'ढोंगी' म्हणून मोकळी झाले असते. आमच्या गावाला ते देऊळ खरोखरच हवंसं होतं. घंटी हवी होती, पेटी हवी होती, नाताळची पंगत, गुरुवारचं औषध, हे सगळं मनापासून हवं होतं. फक्त त्यासाठी स्वतःचं काही सोडायची वेळ आली की गाव छत्री घेऊन धुऱ्यावर उभं राहायचं. आता देऊळ बंद झालं म्हणून हळहळणं तर आणखी सोपं, त्यात एक तासही वावर जात नाही. शेवटच्या उपासनेचे फोटो गावच्या ग्रुपवर आले तेव्हा खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. त्यात कुंपणाचा विषय पुढे ढकलणारेही होते.

उपासना स्वतः साधीच झाली. पाळक तरुण होता, त्याला या गावचं फार काही ठाऊक नव्हतं आणि त्यानं तसा आवही आणला नाही, हे मला आवडलं. वचन वाचलं, प्रार्थना केली. पेटीवर पेटीमास्तरांचा पुतण्या बसला, म्हणजे बौद्ध भावाचा मुलगा. दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. शेवटचं पद सुरू झालं तेव्हा मागून, दारातून, खिडकीबाहेरून आवाज मिसळत गेले. सप्ताहातल्या म्हाताऱ्यांना शब्द पाठ होते. मोठेबाबांच्या हातात टाळ नव्हते, तर ते दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरून होते आणि ठेका चोख होता. प्रभुभोजन मंडळीपुरतं झालं. छोट्या पेल्यांतला मनुकांचा रस उरला, तो मावशीनं मागे नेऊन नळाखाली न ओतता कडुनिंबाच्या बुडाशी ओतला. मग पाळकानं ट्रस्टचं पत्र वाचलं. आजपासून या ठिकाणी नियमित उपासना बंद, सभासदांनी तालुक्याच्या मंडळीत यावं. तालुका चौदा किलोमीटर, रविवारी एसटी एकच. उपस्थितांनी रजिस्टरमध्ये सही करावी असं तो म्हणाला. मंडळीच्या सह्या झाल्या आणि वही मिटणार तेवढ्यात आचाऱ्याच्या मुलानं पुढे होऊन पेन मागितला. पाळक घुटमळला. मग त्यानं वही फिरवून दिली. एकामागून एक इतक्या सह्या झाल्या की पान उलटावं लागलं. बाप्तिस्म्यांच्या रजिस्टरमध्ये आमची आडनावं! आमच्या आजीनं ते पान पाहिलं असतं तर देवाला अभिषेक घातला असता.

इमारतीचं पुढे काय, यावर पारावर रोज नवा बेत होतो. वाचनालय, अंगणवाडी, लग्नाचा हॉल. एकाचा डोळा सागवानी कैच्यांवर आहे, तो 'पाडून टाकलेलं बरं, पोरं खेळतात तिथं' असं काळजीनं बोलतो. विक्रीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली, त्यामुळे इतक्यात काही होत नाही. तोवर कुलूप.

एप्रिलमध्ये मी गावी गेले होते तेव्हा मावशी आमच्याकडे आली. सकाळी नऊची वेळ. छपरीत खुर्चीवर बसली, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याली. आम्ही सगळे हीच बशी वापरतो. मग मोठेबाबांना म्हणाली, "भाऊ, पेटी ठेवा तुमच्यापाशी. मी त्या साहेबाले लिहून देतो, पेटी गावाचीच व्हय म्हनून."

मोठेबाबा खूश झाले. म्हणाले, "मी तं तेच म्हनत होतो."

"पन मले पांदण पायजे."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मोठेबाबा म्हणाले, "पांदण काय माह्या बापाची हाय का? थे तं सरकारची हाय."

"म्हनून तं मांगून रायलो."

"तुले आताच काय घाई झाली?"

"मले नाही झाली," मावशी म्हणाली. "पन मी चार मानसं आनीन कोठून भाऊ, धुऱ्यावर तोल सांभायनारी? आता पोट्टे रायले नाही. ट्रॅक्टरवर न्या लागन मले."

मोठेबाबांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मोजणी आल्याशिवाय आपण काही सांगू शकत नाही, असं म्हणाले. आमच्याकडे 'मोजणी येऊ दे' म्हणजे नाही म्हणण्याचीच रीत आहे. पण मावशीनं ते शब्दशः धरलं. दुसऱ्या दिवशी ती सरळ तालुक्याला भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन फॉर्म घेऊन आली, आणि कनवटीला मंडळीचे शिल्लक पैसे बांधून मोठेबाबांना सोबत चला म्हणाली. मीही गेले, चुलत भाऊ गाडी चालवायला. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, पावती कुणाच्या नावानं फाडू? मावशी म्हणाली, मंडळीच्या. बाबूनं मंडळी म्हणजे कोण विचारलं, आणि अर्ज खातेदाराचाच लागतो म्हणून सांगितलं. मोठेबाबा भिंतीवरचा दरांचा तक्ता वाचत उभे होते. तक्ता लांबलचक होता, त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग वळून म्हणाले, "फाडा माह्या नावानं." पैसे मात्र निम्मे त्यांनी मावशीकडून घेतले.

परत येताना मावशी मागच्या सीटवर झोपली. चुलत भाऊ मला हळूच म्हणाला, पांदण मोकळी झाली तर आपलाही ट्रॅक्टर नाल्यापलीकडच्या तुकड्यात सरळ जाईल, आता दोन किलोमीटरचा फेरा पडतो, हे बाबांच्या ध्यानात कसं आलं नाही इतकी वर्षं? मी म्हटलं, तुझ्या कधी आलं? तो म्हणाला, मागच्या आठवड्यात मावशीनंच सांगितलं.